मगरे सरांचे ठोके

कोर्टात काम थोडं आणि वाट बघणं फार. पुकारा व्हायची वाट, समोरच्या वकिलाची वाट, लाइट यायची वाट. आमच्या अंबडच्या बार रूममध्ये दुपारचं ऊन खिडकीतून सरकत टेबलावर येतं, पंखा आपल्याच नादात फिरत असतो, कोणीतरी कोटाची घडी मानेखाली घेऊन डोळे मिटून पडलेलं असतं. आणि मग कोणीतरी डोळे न उघडताच सुरू करतं, "त्या दिवशीचं ऐकलं का?" असे किस्से साठत जातात. मुद्दाम कोणी साठवत नाही. फायलींवर धूळ बसते तसे ते आपोआप बसतात.

आमच्याकडच्या किश्शांमधले निम्मे तरी एकाच माणसाचे आहेत, आणि त्यातले बहुतेक त्या माणसाच्या काळजाचे. मगरे सरांचे.

मी सरांची ज्युनियर. आता माझी स्वतःची प्रॅक्टिस आहे, पण टेबल अजून त्यांच्या शेजारचंच. वडीगोद्रीकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातून आलेली मी. आमच्यात आधी कोणी वकील झालं नव्हतं. वडील मला सरांकडं सोडायला आले तेव्हा म्हणाले, "साहेब, हिला बोलता येतं. कुठं गप बसायचं ते तुम्ही शिकवा." सर हसले होते. सरांच्या वडलांनीही मजुरी करूनच त्यांना शिकवलेलं. त्यांच्या घरात बैठकीच्या खोलीत बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यासमोर पाण्याचा एक तांब्या, आणि बाकी भिंतभर कायद्याची पुस्तकं. उलटतपासणीला सर उभे राहिले की बाकीच्या कोर्टातले वकील काम सोडून ऐकायला यायचे.

तर असा माणूस. आणि त्याच्या छातीत हे सुरू झालं.

*

पहिल्यांदा झालं ते हिवाळ्यात. सकाळचं धुकं अजून आवारात रेंगाळत होतं. झाडं अर्धीच दिसत होती, पार्किंगमधल्या गाड्या नुसत्या सावल्यांसारख्या. सर आणि मी पायऱ्या चढत होतो. सर मध्येच थांबले.

"विमल, थांब जरा."

"काय झालं सर?"

त्यांनी हात छातीवर ठेवला. दुखतंय असा चेहरा नव्हता. काहीतरी लांबचं ऐकू येत असल्यासारखा होता. म्हणाले, "आत कोणीतरी कूस बदलून राह्यलंय."

मी त्यांना तसंच गावातल्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी छातीला वायरी लावल्या, कागदाची पट्टी काढली, चष्मा वर करून बघितली. "बिलकुल बराबर आहे."

"आता बराबरच असणार," सर म्हणाले. "ते आल्तं आणि गेलं."

"गॅस असेल."

त्यानंतर ते कितीतरी वेळा आलं. कधी जेवताना, कधी युक्तिवाद वाचताना, कधी नुसतंच खुर्चीत बसलेलं असताना. काळीज एकदम धावायला लागायचं, आणि धावणंही सरळ नाही, अडखळत. प्रत्येक वेळी आम्ही दवाखान्यात पोचेपर्यंत ते थांबलेलं असायचं आणि पट्टी एकदम सरळ यायची. बार रूमने गॅसवर शिक्कामोर्तब केलं. कोणी ओवा आणून दिला, कोणी सोडा.

फक्त कादरी साहेबांना ते पटलं नाही. कादरी साहेब म्हणजे सरांचे जुने दोस्त, आणि निम्म्या केसेसमध्ये समोरच्या बाजूचे वकील. ते म्हणाले, "मगरे, तुमचं दिल साक्षीदारासारखं आहे. गावभर हिंडताना दिसतो. समन्स घेऊन बेलिफ गेला की घराला कुलूप."

*

दुसरा किस्सा अजूनही नवीन वकिलांना सांगितला जातो.

बांधाचा वाद होता. समोरच्या बाजूचा साक्षीदार सांगत होता की सरांच्या पक्षकाराला बांध कोरताना त्याने डोळ्यांनी बघितलं. सर उलटतपासणीला उभे राहिले.

"त्या दिवशी तुम्ही शेतात होता?"

"होतो."

सरांनी पुढचा प्रश्न सुरू केला आणि मध्येच गप झाले. एक हात टेबलावर टेकवला. साक्षीदाराकडं बघत राहिले. कोर्टात शांतता. भिंतीवरच्या पालीचंही चुकचुकणं ऐकू आलं असतं.

साक्षीदार आपणहूनच म्हणाला, "म्हणजे, सकाळी होतो."

सर काही बोलले नाहीत.

"दुपारी जालन्याला गेल्तो. बाजारात काम होतं."

सर तसेच.

साक्षीदाराने कठड्याला धरलं. "आता खरं सांगायचं तर साहेब, सकाळी बी न्हवतो. मला जे सांगितलं तेच मी सांगून राह्यलो."

जज्जसाहेबांनी शब्द न शब्द टाइप करून घेतला. सर खाली बसले.

बार रूममध्ये नुसता जल्लोष. एक प्रश्न विचारून साक्षीदार उडवला! त्या आठवड्यात तीन-चार तरुण वकिलांनी तसंच मध्येच गप राहून बघितलं. त्यातल्या एकाला जज्जसाहेबांनी विचारलं, "वकील साहेब, प्रश्न विसरलात की काय?"

सर व्हरांड्यात पाणी पीत उभे होते. मी जवळ गेले तेव्हा हळूच म्हणाले, "विमल, मी त्या माणसाकडं बघतच न्हवतो. मला समोर तळ्याचं पाणी दिसून राह्यलं होतं. सगळं कसं हळूहळू हलत होतं. तो काय बोलला?"

*

मग आम्ही जालन्याला हृदयाच्या डॉक्टरांकडं गेलो. मी, सर आणि मॅडम. मॅडम म्हणजे सरांच्या मिसेस, प्राथमिक शाळेतून रिटायर झालेल्या. पोरांची पिढी त्यांच्या नजरेखालून गेलेली, त्यामुळं समोरचा माणूस कितीही मोठा असला तरी त्या त्याच्याकडं आधी तो दात घासून आलाय का अशाच नजरेनं बघतात.

या डॉक्टरांनी सरांचं पूर्ण ऐकून घेतलं. मध्ये बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही सांगताय ते खरं असणार. ठोक्यांची गडबड येते-जाते तेव्हा असंच होतं. ती चालू असताना पट्टी निघाली तरच सापडते. तर आपण पट्टीच तुमच्याबरोबर पाठवू."

त्यांनी छातीला वायरी चिकटवून एक छोटी डबी कमरेला लावून दिली. तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती लावून ठेवायची आणि रोजच्यासारखं वागायचं.

दुसऱ्या दिवशी सर कोटाच्या आत डबी लावून कोर्टात आले. कादरी साहेबांना कळलं. त्यांनी ठरवलं की आज काहीही करून मगऱ्यांचं काळीज उडवायचं. सरांनी पुढची तारीख मागणारा एक साधा अर्ज दिला होता. एरवी कादरी साहेब "नो ऑब्जेक्शन" म्हणून सही करतात. त्या दिवशी त्यांनी त्या अर्जाला अशी हरकत घेतली की जज्जसाहेब चक्रावले. हात वर केले, आवाज चढवला, न्याय, वेळ, गरीब पक्षकार, सगळं काढलं. सर शांतपणे ऐकत बसले होते. नातवाचा नाच बघत असल्यासारखे.

काही झालं नाही. घरी मॅडमनी मुद्दाम तिखट भाजी केली. काही झालं नाही.

सकाळी जालन्याला जाऊन डबी काढून दिली. दवाखान्याचा जिना उतरून आम्ही रस्ता ओलांडला, समोर रसवंती होती, सर बाकड्यावर टेकले, आणि तिथं ते सुरू झालं. आम्ही त्यांना धरून परत वर नेलं. टेक्निशियन नाश्त्याला बसला होता, तो हात धुऊन धावत आला. त्याने शेवटची वायर चिकटवली आणि ठोके सरळ झाले.

टेक्निशियन वायरी सोडवायला लागला. मग मॅडम म्हणाल्या, "हे माझ्या वर्गात असतं ना, पहिल्याच महिन्यात सरळ केलं असतं."

*

डॉक्टरांनी मॅडमना एक काम दिलं. नाडी बघायला शिकवली. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दोन बोटं ठेवायची आणि मन लावून ऐकायचं. ठोके एकसारखे येतात की अडखळतात. अडखळले तर त्याच्या आधी काय झालं होतं ते आठवायचं.

त्या उन्हाळ्यात मी संध्याकाळी फायली घेऊन सरांच्या घरी जायचे. दोघं अंगणात खुर्च्या टाकून बसलेले असायचे. ऊन उतरलेलं, वारा पडलेला, कुठूनतरी भाकरीचा वास. सरांचा हात मॅडमच्या मांडीवर, मॅडमची बोटं त्यांच्या मनगटावर, आणि मॅडमचे डोळे मिटलेले. मी फाटकाशीच थांबायचे. आत जावंसं वाटायचं नाही. रस्त्यानं जाणारे लोक बघायचे आणि नजर वळवायचे. आमच्याकडं नवरा-बायको असे चारचौघांत हात धरून बसत नाहीत.

एकदा सर मला म्हणाले, "आमचं लग्न झालं तेव्हा हातात हात द्यायला लाजली होती ही. आता सोडायलाच तयार न्हाई."

मॅडम डोळे मिटूनच म्हणाल्या, "बोलू नका. चुकतंय माझं."

पण त्या मिटल्या डोळ्यांनी त्यांनी एक गोष्ट ओळखली. सर जागरण करून फाइल वाचत बसले की दुसऱ्या दिवशी ते हटकून येतं. आणि उन्हाळ्यात दिवसभर पाणी न पिता फिरले की येतं. चहावर त्यांचा संशय होता. डॉक्टर म्हणाले, "चहाचं मी शपथेवर सांगणार नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं. चहानंतर त्रास होतोय असं तुम्हाला वाटत असेल तर कमी करा. झोपेचं मात्र नक्की सांगतो."

मॅडमनी फोन करून बार रूमच्या चहावाल्याला सांगितलं की मगरे वकिलांना सकाळी एक, दुपारी एक, बस. सरांनी तिसरा मागितला की चहावाला म्हणायचा, "साहेब, मॅडमनी मला चौथीला शिकवलंय. माझ्याच्यानं होणार न्हाई."

*

शेवटी ते सापडलं कसं, हा किस्सा कादरी साहेब स्वतः सांगतात. दुसऱ्याला सांगू देत नाहीत.

पावसाळ्यात कादरी साहेबांना डेंग्यू झाला. जालन्याच्या दवाखान्यात भरती केलं. सर आणि मी मोसंबी घेऊन भेटायला गेलो. कादरी साहेब अंगात ताकद नसल्यामुळं हळू आवाजात बोलत होते. बाहेर पाऊस नव्हता, पण आभाळ खाली आलेलं. खोलीत सकाळी दहालाच संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. सर मोसंबी सोलता सोलता थांबले.

कादरी साहेबांनी त्यांचा चेहरा बघितला आणि उशाशी असलेलं बेलचं बटण दाबलं. सिस्टर धावत आली. "काय होतंय काका?"

"मला काही न्हाई," कादरी साहेब म्हणाले. "यांना. जल्दी वायरी लावा, हे पळून जातंय."

शेजारची कॉट रिकामी होती. सरांना तिथंच आडवं केलं. मशीन खोलीतच होतं. पट्टी निघाली आणि तिच्यावर ते होतं. मी पहिल्यांदा बघितलं. ठोक्यांच्या रेघा एकीपासून दुसरी जवळ, मग लांब, मग एकदम दोन जवळ. मधली बारीक रेघ सारखी थरथरणारी, पाण्यावर वारा आल्यासारखी.

ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी पट्टी उजेडात धरली आणि म्हणाले, "सापडलं."

सरांचा चेहरा असा उजळला की बघणाऱ्याला वाटावं केस जिंकली. सरांना त्या रात्री तिथंच ठेवून घेतलं. कादरी साहेबांना दुसऱ्या दिवशी सुट्टी झाली. जाताना त्यांनी उरलेली मोसंबी सरांच्या उशाशी ठेवली आणि म्हणाले, "भेटायला आल्याबद्दल शुक्रिया. आता मी येत जाईन."

*

आता इथून पुढचं हसण्यासारखं नाही, पण आमच्याकडं तेही सांगतात.

हृदयाच्या डॉक्टरांनी सरांना समजावून सांगितलं. काळजाचे वरचे दोन कप्पे मधूनमधून नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. त्या वेळी तिथं रक्त रेंगाळतं. रेंगाळलेल्या रक्ताची बारीक गाठ होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली तर लकवा. सरांचं वय आणि बीपी बघता रक्त पातळ ठेवायची गोळी लागेल. रोज.

सरांनी डॉक्टरांचीही उलटतपासणी घेतली. "महिन्यातून एखाद्या वेळी येतं, थोडा वेळ राहतं, जातं. मग गोळी रोज कशाला?"

"दुखणं येऊन-जाऊन आहे, वकील साहेब. धोका येऊन-जाऊन नाही."

"म्हणजे मला बरं वाटत असेल तरी?"

"बरं वाटत असतानाच जास्त सांभाळून."

सरांना उत्तर पटलं. काही महिने गोळी चालली. ठोकेही शहाण्यासारखे वागायला लागले. दाढी करताना कापलं की रक्त थांबायला वेळ लागायचा, त्याचा सरांना कंटाळा यायचा.

आणि मग साखर कारखान्याचा हंगाम सुरू झालेला असताना, एका सकाळी बार रूममध्ये सर मला अर्ज सांगत होते आणि मी लिहून घेत होते. "अर्जदाराचं म्हणणं असं आहे की, अर्जदार हा सदर..." सर थांबले. मी वाट बघत राहिले. "सदर खिडकी," ते म्हणाले. मी वर बघितलं. "खिडकी," परत म्हणाले. त्यांनाच ते चुकीचं वाटत होतं, ते डोळ्यांत दिसत होतं. उजव्या हातातला पेन टेबलावरून घरंगळून खाली पडला. ओठाचा एक कोपरा खाली ओढलेला.

डॉक्टरांनी आम्हाला हे सांगून ठेवलं होतं. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं चुकलं, तर थांबायचं नाही. मी ओरडले नाही. फक्त "कादरी साहेब" म्हणाले. त्यांनी हातातली फाइल तशीच टाकली आणि चावी काढली.

जालन्याचा रस्ता मी एवढ्या वेळा गेलेय, पण त्या दिवशी तो ओळखीचा वाटला नाही. समोरून अंकुशनगरच्या कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या येत होत्या, एकामागून एक, संथ, डुलत, गाणी लावलेल्या. कादरी साहेब त्यांच्या कडेकडेनं गाडी काढत होते. मी मागं सरांना धरून बसले होते. दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा मागं मागं जात होत्या. सर खिडकीतून बाहेर बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

अर्ध्या रस्त्यात सर म्हणाले, "कादरी, समोर ट्रॉली."

शब्द स्वच्छ आला. गाडीचा वेग एकदम कमी झाला. आरशात कादरी साहेबांचे डोळे दिसले.

"बरं वाटून राह्यलंय आता," सर म्हणाले. हात उचलून बोटं हलवून दाखवली. "परत फिरवा. अकराला माझा पुकारा आहे."

"मगरे," कादरी साहेब म्हणाले, "आज तुमचं कोणी ऐकून घेणार न्हाई." आणि त्यांनी गाडी परत जोरात काढली.

दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, गाठ छोटी होती, आपोआप सुटली. परत न फिरता आलात हे बराबर केलं, अशा वेळी बरं वाटलं म्हणून घरी गेलेली माणसं पुढच्या झटक्याला सापडतात.

तोवर मॅडम आल्या होत्या. डॉक्टरांनी सरांना विचारलं, "गोळी रोज चालू होती ना?"

सर गप. छताकडं बघत राहिले.

डॉक्टरांनी परत विचारलं. सर गप. आयुष्यभर दुसऱ्याला गप करणारा माणूस, आणि आता स्वतः असा पडलेला. मी भिंतीकडं बघितलं.

मॅडम सरांच्या पायावरची चादर नीट करत होत्या. त्यांनी वर न बघता सांगितलं, "साक्षीदार गप आहे, डॉक्टर. लिहून घ्या."

नंतर कितीतरी दिवसांनी मी सरांना विचारलं, तेव्हा कसं वाटत होतं. म्हणाले, "शब्द सगळे समोर होते, विमल. पलीकडच्या काठावर उभे. मला एकेकाचं तोंड ओळखू येत होतं. फक्त मधी पाणी होतं."

त्यानंतर गोळी चुकली नाही. रोज सकाळी मॅडम समोर उभ्या राहतात आणि सर तोंड उघडून दाखवतात.

*

यामुळं एक मात्र झालं. सगळ्या बार रूमला नाडी बघायची सवय लागली. दुपारी बघावं तर चार-पाच काळे कोट स्वतःचीच मनगटं धरून, डोळे मिटून, खुर्च्यांत रेललेले. पक्षकार दारातून डोकावायचे आणि बिचकून मागं जायचे. एका नवीन वकिलाचा चेहरा एकदा पांढरा पडला. "कादरी साहेब, माझी लागतच न्हाई."

कादरी साहेबांनी बघितलं. "भाऊ, घड्याळाच्या पट्ट्यावरून बोटं काढ."

*

आता गयाबाईचं.

गयाबाई म्हणजे वडीगोद्रीच्या पलीकडच्या एका खेड्यातली म्हातारी. मूलबाळ नाही, नवरा गेलेला. नवऱ्याच्या वाट्याची जमीन मिळावी म्हणून तिने पुतण्यावर वाटणीचा दावा लावला होता. पुतण्याचे वकील मगरे सर. म्हणजे सर तिच्या विरुद्ध. केस वर्षानुवर्षं चाललेली. गयाबाई प्रत्येक तारखेला पहिल्या एस.टी.नं यायची, आवारातल्या कडुलिंबाखाली बसायची, पुकारा झाला की उठायची, तारीख ऐकून परत जायची.

त्या दिवशी तिची उलटतपासणी होती. उन्हाळ्याची सुट्टी संपून कोर्ट नुकतं उघडलेलं. पाऊस अजून आला नव्हता, हवा जड, लाइट गेलेली. आधी दोन तारखा सरांच्या आजारपणात गेल्या होत्या. जज्जसाहेब नवीन होते आणि मागच्याच तारखेला त्यांनी बजावलं होतं की ही शेवटची संधी.

पुकारा झाला. गयाबाई पिंजऱ्यात येऊन उभी राहिली. सर आले नव्हते. सकाळी मी त्यांना बघितलं होतं, थोडं धडधडतंय, जरा मोकळ्या हवेत बसतो, म्हणाले होते. मी उठून उभी राहिले आणि थोडा वेळ मागितला.

जज्जसाहेब म्हणाले, "किती वेळा द्यायचा? वकील हजर नाहीत. उलटतपासणी नाही असा आदेश करतो."

याचा अर्थ सरळ होता. उलटतपासणी झाली नाही तर गयाबाई जे बोलली ते तसंच्या तसं राहणार, पुतण्याची बाजू लंगडी होणार. तिच्या वकिलाने मान खाली घालून हसू दाबलं. जज्जसाहेब टायपिस्टला सांगायला लागले.

"साहेब," गयाबाई म्हणाली, "ते झोपलेत."

जज्जसाहेब थांबले. "कोण?"

"मला इचारनार हायेत ते वकील साहेब. लिंबाखाली माझ्याजवळ येऊन बसले. छातीला हात लावून बसल्ते. तोंड सुकून गेल्तं. मी पानी पाजलं. पाठीवरून हात फिरवला तं तिथंच डोळा लागला त्यांचा. मी बघून आलेय. श्वास बराबर चालू हाये."

मी दाराकडं वळले. मागच्या बाकावर बसलेले कादरी साहेब माझ्या आधीच बाहेर पळाले होते. थोड्या वेळानं ते दारात परत आले आणि मला हातानं खूण केली, ठीक आहे.

गयाबाईच्या वकिलाने तिला गप बसायची खूण केली. तिने तिकडं बघितलं नाही.

जज्जसाहेब म्हणाले, "बाई, ते आले नाहीत तर तुमचाच फायदा आहे. तुमच्या वकिलांना विचारा."

"असंल, साहेब. पन त्यांना उठवू नका. आत्ताच निजलेत."

"मग मी काय करू?"

"मी थांबते की. मला कुठं जायचंय?"

जज्जसाहेबांनी पेन खाली ठेवला. खिडकीतून आवार दिसत होतं. पानसुद्धा हलत नव्हतं. त्यांनी तिकडं बघितलं. मग म्हणाले, "दुपारनंतर ठेवा."

गयाबाई पिंजऱ्यातून उतरली आणि हळूहळू चालत परत झाडाखाली गेली. मी व्हरांड्यातून बघत होते. सर पारावर बुंध्याला टेकून झोपलेले, कोट मांडीवर. पिवळ्या लिंबोळ्या टप टप पडत होत्या. ती त्यांच्या शेजारी बसली आणि पदराच्या टोकानं त्यांच्या तोंडावरच्या माश्या वारत राहिली. पुतण्या समोरच्या हॉटेलातून आला, त्याने ते बघितलं आणि तिथंच उभा राहिला. मग तोही पाराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

दुपारनंतर पुकारा झाला तेव्हा सर उभे होते. तोंड धुतलेलं, कोट नीट घातलेला, आवाज पूर्वीसारखा. त्यांनी गयाबाईची उलटतपासणी घेतली आणि तिला बिलकुल सूट दिली नाही. लग्न कधी, वाटणी तोंडी झाली की कागदावर, नवरा वेगळा राहायचा की एकत्र, विहिरीचं पाणी कोण घ्यायचं. एका प्रश्नात तीन वळणं. गयाबाई आठवून आठवून उत्तरं देत होती. दोनदा अडखळली, सरांनी ते दोन्ही वेळा बराबर पकडलं आणि लिहून घ्यायला लावलं. कादरी साहेब मागच्या बाकावर बसून ऐकत होते.

शेवटी सर म्हणाले, "मला आणखी काही विचारायचं नाही," आणि खाली बसले.

गयाबाईने टाइप केलेल्या कागदावर अंगठा दिला. पिंजऱ्यातून उतरली. आपल्या वकिलाच्या बाकाकडं न जाता ती सरांच्या टेबलापाशी येऊन थांबली.

"झालं का समदं इचारून?"

"झालं, आई."

"मंग आता घरी जाऊन निजा," ती म्हणाली.